साडेसहा कोटी वर्षांची थाप

मी मुराद, महाडचा. कुवेतला तेल काढणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं होतो, हे खरं आहे. ती अकराच्या अकरा वर्षं कंपनीच्या मेसमध्ये कांदे चिरण्यात गेली, हे मात्र परत आल्यावर कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. 'कंपनीत होता' एवढ्यावर लोकांनी ठरवून टाकलं की मुरादला जमिनीच्या पोटातलं सगळं कळतं. मीही म्हटलं, चालू द्या. फुकटचा मान नाकारायला आपण काय अवलिया आहोत?

त्याच मानावर माझा धंदा उभा राहिला. रविवारी वीर स्टेशनावर मुंबई-ठाण्याची मंडळी उतरवून घ्यायची, इको गाडीत कोंबायची आणि पोलादपूरच्या वर सड्यावर दगड दाखवायला न्यायची. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडंबोडकं पठार. वर तांबडा जांभा, खाली काळा कातळ. एवढं पुस्तकातलं. पुढचं माझ्या तोंडून आपोआप यायचं. जांभ्यातल्या भोकांना मी बेधडक 'लाव्ह्याचा श्वास' म्हणायचो. शेवटी कड्यावर उभं राहून, छाती पुढं काढून ठेवणीतलं वाक्य टाकायचो, "हा दगड साडेसहा कोटी वर्षं जागचा हलला नाही. आता काय हलतोय!" टाळ्या पडायच्या. माझी बायको रुकय्या म्हणायची, "घरात सिलिंडर हलवता येत नाही, आणि तिकडं डोंगर पेलताय."

वाट दाखवायला हैबतीबाबा असायचे. सड्याच्या पोटाशी तेरा घरांची वाडी होती, तिथले शेतकरी. बाबांच्या मागून चालत मीच वाटाड्या असल्यासारखे हातवारे करायचो. माझं भाषण सुरू झालं की बाबा उकिडवे बसून मान हलवायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

जूनमधल्या शेवटच्या फेरीला अनुपमाबाई आल्या. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या, खऱ्याखुऱ्या. माझं भाषण त्यांनी सहन केलं आणि कड्याच्या दहा पावलं अलीकडे थांबल्या. जमिनीत लांबच लांब भेग होती, माझी मूठ आत जाईल एवढी रुंद. त्यांनी मला बाजूला घेतलं. "वरचा जांभा कडक असतो, पण त्याच्याखाली चिकणमाती असते. भेगेतून पाणी गेलं की ती मऊ पडते आणि वरचं सगळं घेऊन घसरते. खाली कोण राहतं?"

मी खालच्या वाडीकडं बोट दाखवलं. बाईंनी तहसीलला कळवलं. आठवड्याभरात वाडीला खालच्या शाळेत हलायची नोटीस आली. आषाढ धो धो कोसळायला लागला, तरी एक घर हललं नाही. म्हणून मी वर गेलो.

हैबतीबाबा ओटीवर दोरी वळत बसले होते.

"बाबा, खाली का नाय गेलात?"

"जाणार होतो रे. देवीला कौल लावला, हितं राहू काय म्हणून. डावी कळी पडली. राहू नको म्हणाली."

"मग?"

"मग काय! देवीला दगडातलं काय कळतं? ती काय कंपनीत होती? आपला मुराद दर आयतवारी सांगतो, साडेसहा कोटी वर्षं हलला नाय. सगळ्या वाडीला मीच समजावलं."

या अल्ला! म्हातारा डुलक्या घेत नव्हता, पाठ करत होता. माझ्या थापेपुढं त्याने देवीला खोटं ठरवलं होतं.

मी तेरा घरांची माणसं अंगणात गोळा केली. पावसात उभा राहून ओरडलो, "मी खोटारडा हाय! मला दगडातलं काय पण कळत नाय. मी कंपनीत कांदे चिरायचो!"

सगळे खो खो हसले. कुणी म्हणालं, तलाठ्यानं पाठवलाय. कुणी म्हणालं, एवढा शिकला-सवरला माणूस, बघा कसा कमीपणा घेतो! इतक्या वर्षांच्या थापा ह्या लोकांनी मुकाट गिळल्या होत्या, आणि एक खरी गोष्ट कुणाच्या घशाखाली उतरेना.

शपथा घेतल्या, पाया पडलो. शेवटी चिडून म्हणालो, "नाय जात? मग मी पण नाय जात!" आणि ओटीवर फतकल मारली. शौर्य तेवढंच. थोड्या वेळानं घळीतून एक धोंडा गडगडत गेला, आणि मी किंचाळून खांबाला मिठी मारली. दात वाजत होते, रडू आवरत नव्हतं, लहानपणापासून पाठ असलेला कलमा आठवत नव्हता. बयाबाई, बाबांची बायको, चुलीपासून उठून बाहेर आली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"अहो, ह्याचं बोलणं ऱ्हाऊ द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "ह्याचं तोंड बघा. हे सोंग नाय."

तिनं गोठ्यात जाऊन गाय सोडली. बयाबाईनं गाय सोडली म्हटल्यावर बाकीची घरं थांबतात होय! संध्याकाळपर्यंत वाडी शाळेत पोचली.

चौथ्या दिवशी सकाळी सड्याची ती कड खाली आली. सात घरं गेली, त्यांत पहिलं हैबतीबाबांचं. माणूस एकही गेला नाही. ते ऐकून मी रुकय्यासमोर ढसाढसा रडलो.

आणि मग झाली पंचाईत. मुरादभायला दगडाची भाषा कळते, अशी ख्याती पार महाबळेश्वरापर्यंत गेली. मी कांद्यांचं सांगितलं की लोक कौतुकानं हसतात.

दिवाळीनंतर सरकारनं खालच्या माळावर जागा दाखवली. तोवर वाडी शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. बाबांनी मला मुद्दाम बोलावून नेलं. तेरा घरांची माणसं आधीच तिथं उभी होती. बाबांनी काठीनं मातीत रेघ ओढली.

"हितं पाया घेतो. मुरादभाय, जमीन धरील ना?"

खरं सांगतो, एक भारदस्त वाक्य जिभेवर तयार होतं. सवय कुठं जाते! बयाबाई माझ्या तोंडाकडं बघत होती.

"मला ठाऊक नाय, बाबा."

कुणी हसलं नाही. बाबांनी पायानं रेघ पुसली. "मग ज्याला ठाऊक हाय त्याला बोलव. तवर आम्ही शेडातच ऱ्हातो."

मी तिथल्या तिथं अनुपमाबाईंना फोन लावला. रिंग वाजत होती, आणि बायाबापड्या, पोरंटोरं, सगळी माणसं उन्हात वाट बघत उभी होती.