हिंगणीच्या पेरूची गुटी

आईनं लावलेला पेरू दसऱ्यानंतर तोडणार, हे आत्यानं जुलैत फोनवर सांगितलं. झाड हिंगणीला, आत्याच्या भाजीच्या वावरात, विहिरीच्या काठावर. ती पट्टी विकली गेली. नवा मालक तिथं शेड घालणार. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं, आणि मला ते पुण्यात हवं होतं. मी तेव्हाच पळत जाऊन, फांद्यांना मुळं फुटावीत म्हणून, पाच गुट्या बांधून आले. सप्टेंबरच्या शेवटी त्या उतरवायला निघाले.

पुण्याहून रात्रीची गाडी सकाळी वर्ध्याला सोडते. स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या, वरचा तिखट रस्सा, तर्री, थोडी कमीच मागा. हिंगणीची एसटी सेलूवरून जाते. वर चढताना परतीची शेवटची गाडी कंडक्टरला विचारून ठेवा, नाहीतर मुक्काम पडतो. बोर धरण बघायला येणारे स्वतःची गाडी आणतात, पण मला एसटीची खिडकीच आवडते. दोन्हीकडे कपाशी, सोयाबीन. दर वळणाला वाटत होतं, आई फाट्यावर उभी असेल. वेडेपणाच तो.

आता गुटीबद्दल थोडं, कारण माझं पोटच यावर चालतं. मी प्रयोगशाळेत मुळांवर काम करते. झाडाच्या शेंड्यात, कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते पेशीपेशींतून हातोहात खाली उतरतं, मुळाच्या टोकाशी पोचतं आणि कडेनं थोडं परत वर वळतं. ते कुठं किती साठलं, त्यावर मूळ कुठं वळणार, कुठं फुटणार हे ठरतं. फांदीची बोटभर साल गोल काढली, की उतरणारं ऑक्झिन कापाच्या वरच्या काठावर अडतं. तिथं ओलं शेवाळ प्लास्टिकनं बांधलं, की मुळं फुटतात. मग खालून कापायचं. झालं नवं झाड.

आत्या सत्तरीची, पण वांग्यांच्या सऱ्यांतून माझ्यापुढं चालत होती. "पाह्य तुह्याच हातानं," म्हणाली.

मी पहिली गुटी सोडली. नुसती गाठ, मूळ एकही नाही. दुसरी, तिसरी तशीच. उरलेल्या दोन काळ्या पडलेल्या. मला रडूच आलं.

"भुकटी किती चोपडली होती वं?" आत्यानं विचारलं.

पुण्याहून नेलेली मुळं फुटायची भुकटी मी लिंपल्यासारखी लावली होती. एकही वाया जाऊ नये म्हणून. तीही ऑक्झिनच. ते प्रमाणाबाहेर झालं की फुटायचं मूळही थांबतं, हे मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवते. आईच्या झाडापाशी शिकवलेलं काही आठवलं नाही.

"वरून येते तेवढं पुरते त्याले," आत्या म्हणाली. "तुले धीर नाई, वहिनीवानीच."

मग ती झाडाच्या मागं गेली. तिथं तिनं स्वतः एक गुटी बांधली होती, भुकटीशिवाय. पारदर्शक प्लास्टिकला आतून पांढरीशुभ्र मुळं टेकलेली.

"ही तुमच्यासाठी ना, आत्या?"

"हो. घरामागं लावणार होती. रोज पानी भरतानी मी अन् वहिनी इथंच बसत होतो." तिनं कात्री माझ्या हातात दिली. "तू ने. पन हिची गुटी बांधून मले आनून देजो."

"दोन-तीन वर्षं लागतील."

"लागू दे. मी कुठं चालली?"

मी कापताना तिनं झाडावरचा हात काढला नाही.

निम्मी पानं छाटली, मुळांना ओलं पोतं गुंडाळलं आणि परतीच्या गाडीत रोप मांडीवर घेतलं. तुम्ही नेणार असाल तर पाण्याची बाटली जवळ ठेवा, पोतं सुकू देऊ नका.

आता ते माझ्या गॅलरीत आहे. इथं ना विहीर, ना वांग्यांच्या सऱ्या, ना आईची हाक. आणायला गेले होते ती आई काही आली नाही. तिची आठवण काढणारी एक जण मात्र तिकडं आहे, हे मला नव्यानं कळलं. दसऱ्यानंतर झाड गेलं. आत्या आता विहिरीकडं फिरकत नाही.

गुटी बांधायला रोपाची नवी फांदी पेन्सिलीएवढी जाड व्हावी लागते. दर रविवारी आत्याचा फोन येतो, "किती जाड झाली वं?" मी पेन्सिल फांदीला लावून बघते, आणि आहे त्यापेक्षा थोडी जास्तच सांगते.