लोलूची तीन फळं

दुसऱ्याच्या कुंपणाबाहेर आलेलं जास्वंद तोडताना मला कधी लाज वाटली नाही. देवासाठीच तर तोडतो, असं आम्हा बायकांचं ठरलेलं. इथे अमेरिकेत, बॉथेलच्या घरातल्या निम्म्या कुंड्याही मी अशाच भरल्यात, इथून फांदी, तिथून बी उचलून.

माझी लेक हवाईत जंगली पामच्या अभ्यासासाठी इंटर्न होती. तिची पक्की नोकरी तिच्या बॉसबाईंच्या हातात होती. लेकीनं गळ घातली म्हणून बाईंनी मलाही नदीतून न्यायचं कबूल केलं. कयाकमध्ये माझी टकळी चालूच. "अगं, असली झाडं कोकणात ढिगानं!"

"आई, प्लीज. दीज आर रेअर," लेक दबक्या आवाजात म्हणाली.

नदी संपल्यावर चिखलातून चढून गेलो आणि लोलू, म्हणजे तिथला तो दुर्मिळ पाम, दिसला. केवढी ती पंख्यासारखी पानं! मी चक्क गप्प झाले. बाई म्हणाल्या, याला कित्येक वर्षांनी फळं धरलीत, आज उंदरांपासून वाचवायला जाळी बांधायची. जाळी राहिली होती कयाकमध्ये. ती आणायला दोघी खाली गेल्या.

उतारावरून घोस अगदी हाताशी येत होता. तीनच फळं. म्हटलं, एक घेतलं तर काय बिघडतं? पिरगाळलं, तर अख्खा देठच हातात आला. घाबरून तिन्ही रेनकोटच्या खिशात कोंबली.

बाई आल्या, वर बघितलं आणि चिखलातच बसल्या. "उंदीर," एवढंच म्हणाल्या. मी मान डोलावली. हो, मान डोलावली मी!

परत निघताना कयाकपाशी लेकीनं टिश्यूसाठी माझ्या खिशात हात घातला. फळं हातात घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात बाई वळल्या.

"आय टुक देम," लेक म्हणाली. "आय ॲम सो सॉरी."

बाईंनी नखानं एक फळ खरवडलं. कच्चं होतं, रुजणार नव्हतं. मी वल्हं घट्ट धरून उभी. 'मी तोडली,' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? नाही म्हटलं.

नोकरी गेलीच. लेकीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही.

परवा नवऱ्यानं तिला फोनवर झापलं, "एवढी शिकलीस आणि साधी अक्कल नाही?" स्पीकर चालू होता. पलीकडून ती म्हणाली, "सॉरी, बाबा." मी भाजी ढवळत राहिले.