गोष्टीतली बुआ

लेकीची हिंदीची परीक्षा आली की हिंदी मुलखातल्या आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या घरात माझ्या अंगात मास्तर संचारतो. मी ऑफिसात फायली सरकवणारा माणूस, पण धड्यातल्या पात्राचं चरित्र-चित्रण कसं लिहायचं ते मला पक्कं ठाऊक. गुणांचे मथळे द्यायचे आणि खाली दोन-दोन ओळी. त्यागमयी, ममतामयी, सहनशील. मार्क कुठे जात नाहीत.

धड्यातली गोष्ट एका विधवा बुआची, म्हणजे आत्याची होती. ती भावाच्या घरी राहते, सगळ्यांचं करते आणि सदा हसतमुख असते. लेकीनं लिहिलं होतं की बुआ हसते कारण तिला भीती वाटते. हसणं थांबलं तर ती घराला जड होईल. मी ते सरळ खोडलं.

"वो त्यागमयी नहीं है पापा, डरी हुई है," लेक म्हणाली. तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

"जास्त शहाणपणा नको करू. मी सांगतो ते लिही."

माझी थोरली बहीण शेजारीच पालक निवडत होती. भाऊजी गेल्यापासून ती आमच्याकडे असते. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, त्यामुळे घर तीच चालवते. नुकतंच बीरगावच्या एका शिवणवर्गाच्या बाईंनी तिला शिकवायला बोलावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं होतं. "ताई, तुले काय कमी आहे इथं?" तीही हसली होती, आणि विषय संपला असं मी धरून चाललो होतो.

आता तिनं पालकाची जुडी खाली ठेवली.

"पोट्टीनं बरोबर लिहिलं होतं. काहून खोडलं तू?"

लेकीनं वही स्वतःकडे ओढली.

"त्या बीरगावच्या बाईले मी हव म्हणून देल्लं," ताई म्हणाली. "सोमवारपासून शिकवाले जाऊन राहिली मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं तिच्या हसण्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावत आलो होतो. पण खरं सांगायचं तर ही शरम नंतरची. तिचं बोलणं कानावर पडताच मनात आधी आलं ते हेच, की सोमवारपासून माझा डबा कोण करणार? ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. कारण ताई लगेच म्हणाली, "तुहा डबा करूनच जाईन रे."