तीन वाजताची झिंग

सेठला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर कुणाला वाटायचं, ही शेवटी मन मोठं करण्याची गोष्ट आहे. माझं मन मोठं नाही.

अहेरीजवळ सेठचा सागवानी फर्निचरचा कारखाना होता. मी आणि दादा, माझा मोठा भाऊ, दोघंही तिथेच. मी अंगणात पॉलिश पेपरनं लाकूड घासायचो. दादा पत्र्याच्या खोलीत स्प्रे गननं पॉलिश मारायचा. पॉलिशमध्ये थिनर घालायचं, गन थिनरनं धुवायची आणि संध्याकाळी हातही थिनरनंच धुवायचे. ओल्या पॉलिशवर धूळ बसली की काम वाया जातं, म्हणून दार बंद, खिडकी बंद, पंखासुद्धा बंद. वैशाखात त्या पत्र्याला बोट लागलं तरी चटका बसायचा. लू लागू नये म्हणून आमच्याकडे सगळेच करतात ते दादाही करायचा. दुपट्टा पाण्यात बुडवून तोंडाला गुंडाळायचा आणि खिशात कांदा ठेवायचा. त्याला वाटायचं, ओल्या दुपट्ट्यातून थिनरही आत येत नाही. मलाही तसंच वाटायचं.

हिवाळाभर त्याला काही व्हायचं नाही. वैशाख लागला की तीनच्या सुमारास त्याचे पाय वेडेवाकडे पडायचे, डोळे लाल, जीभ जड. एका दुपारी तो हसत हसत बाहेर आला आणि तयार कपाटावर जाऊन कोसळला. काच फुटली.

"पिऊन येते साला!" सेठ ओरडला. "थिनरच्या वासात दारूचा वास लपवून राह्यला हा!"

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. मोहाची मिळतच नाही असं नाही, पण गावातल्या बायांची समिती फार कडक. कुणी पिऊन सापडला की त्याला समाजमंदिरासमोर उभं करतात, नारळावर हात ठेवून कबूल करायला लावतात. त्या समितीत सगळ्यांच्या पुढे माझी वहिनी. तिचा बाप दारूनं गेलेला. लग्नाआधी तिनं दादाला एकच अट घातली होती आणि दादानं ती इमानानं पाळली होती.

त्याच संध्याकाळी दादालाही तिथे उभं केलं. "मी पेलो नाई," दादा म्हणाला. तीनदा म्हणाला. वहिनी खाली मान घालून उभी होती. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सख्खा भाऊ, त्याच कारखान्यातला, माझा शब्द लोकांनी ऐकला असता. मी म्हणालो, "कबूल करून टाक ना दादा. सुटका होईन."

त्यानं नारळावर हात ठेवला. त्यानंतर वहिनी त्याचं ताट वाढायची, पण त्याच्याजवळ बसायची नाही.

सेठनं दादाला काढलं आणि दुसऱ्या दिवशी त्याची गन माझ्या हातात दिली. मी घेतली, लाज सोडून घेतली. आठवडाही झाला नसेल, एका दुपारी मला समोरची भिंत हलताना दिसली आणि त्याचं हसू यायला लागलं. मग ओकारी, मग अंधार. मी जन्मात दारूला शिवलेलो नाही. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात.

तिथल्या डॉक्टर बाईंनी मी काय काम करतो ते खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "उन्हाळ्यात थिनर जास्त उडतं आणि बंद खोलीत दाटून राहतं. गरमीत राबताना तुम्ही जोरात श्वास घेता, म्हणजे तेच जास्त ओढता. अंग थंड करायला शरीर रक्त कातडीकडे आणतं. कातडी घामानं भिजलेली असते, मग हातावरचं थिनरही सहज आत शिरतं. लिव्हरकडे मात्र रक्त कमी जातं, त्यामुळे आत गेलेलं लवकर बाहेर पडत नाही."

"अन् ओला दुपट्टा?"

"त्यानं धूळ अडेल. वाफ नाही अडत."

"मंग माणूस पेल्यासारखा दिसते?"

"अगदी तसाच दिसतो."

मी खाटेवर पडून रडलो. रडून झाल्यावर डूख धरला.

घरी सांगितलं, लू लागली होती. कारखान्यात परत गेलो. खोलीचा मागचा एक पत्रा सैल करून ठेवला, घडीघडी बाहेर निघायला लागलो, हात साबणानं धुवायला लागलो. सेठला पत्ता नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला, मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. सांगून कोण मानणार, असं स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे मला दादाचं ते वाक्य सेठच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यासाठी वैशाख हवा होता.

वैशाखात सेठच्या मुलीचं लग्न निघालं. तिच्यासाठी सागवानाचा मोठा पलंग बनला. सेठ एकेकाळी स्वतः कारागीर होता, उघड्या मांडवाखाली पॉलिश मारायचा, आणि ते तो कुणाला विसरू द्यायचा नाही. मी म्हणालो, "पोरीचा पलंग हाये सेठ, शेवटचा हात तुमचाच पाह्यजे होता. पण आता तुमाले कुठी जमते?"

"मले जमत नाई?" म्हणत त्यानं शर्ट काढला.

मागचा पत्रा मी सकाळीच खिळे ठोकून घट्ट केला होता. दुपट्टाही मीच भिजवून दिला, अगदी प्रेमानं. वहिनीला निरोप धाडला होता की कारखान्यात आज कोणीतरी पिऊन आहे, तीन वाजता बाया घेऊन या. मग पत्र्याच्या भोकाला डोळा लावून बसलो. तो मरायला नको होता. मेला असता तर बोललं कोण असतं?

तीन वाजता बाया फाटकात आल्या आणि मी दार उघडलं. सेठ बाहेर आला. एक पाय अहेरीकडे, दुसरा आलापल्लीकडे. अंगणातल्या फळ्यांना धडकून खाली बसला आणि खुदकन हसला.

"हाच वं बाई तो," एक म्हातारी म्हणाली. "भरदुपारी ढोसला मुर्दाड!"

"मी... मी पेलो नाई," सेठ म्हणाला.

"मोठ्यानं सांगा सेठ," मी म्हणालो. "वहिनीले ऐकू गेलं नाई."

"मी पेलो नाई! पोरीची शप्पथ, मी पेलो नाई!"

जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात. किती बरं वाटलं मला, ते सांगायला आजही लाज वाटत नाही. मी सगळ्यांना दवाखान्यातलं सगळं सांगितलं. वहिनी पुढे होऊन त्या खोलीच्या दारात गेली. आतली गरम हवा तोंडावर आली तशी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते थिनरचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. ती तडक घरी निघाली, मी मागोमाग.

दादा अंगणात विडीच्या तेंदूपानांचे पुडे बांधत बसला होता. काम सुटल्यापासून उन्हाळ्यात तो पानंच तोडायचा. वहिनी त्याच्या शेजारी मांडी घालून बसली, कित्येक महिन्यांनी, आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. दादानं मधे एकच विचारलं, "सेठले पाणी पाजलं का कोणी?"

मी पाजलं नव्हतं.

मग वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमाले हे कधी समजलं?"

"मागच्या वर्षी. पावसाळ्याच्या आधी."

दादानं हातातला पुडा बांधून पूर्ण केला, खाली ठेवला आणि म्हणाला, "मलेच वाटून राह्यलं होतं, का मी खरंच पेलो असन अन् भुलून गेलो असन. रोज आठवून पाह्यत होतो, कुठी पेलो, कोणासंगं पेलो. पागल झालो वाटलं मले. तू सांगतलं असतं, तं मले तरी समजलं असतं."

मी समोर बसलो आणि पुडा बांधायला म्हणून पानांकडे हात नेला. दादानं पानांचा ढीग हळूच आपल्याकडे ओढून घेतला.