विहारात ऐकलेला शेळ्यांचा पॉडकास्ट

तिसरी शेळी माझ्या मांडीवर मेली. आधी बराच वेळ दात खात होती. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, मागून आंबूस वासाचं पाणी गळत होतं. मी तिच्या तोंडात खायच्या सोड्याचं पाणी ओतत होते आणि ते दोन्ही बाजूंनी बाहेर येत होतं. पलीकडे माझी धाकटी जाऊ आणखी दोघींना उभं करू बघत होती. एकीला उचललं की दुसरी बसायची.

"काय खाऊ घातलं वं तू?" मी विचारलं.

"तुमीच तं सांगतलं बाई. भरडा."

खरं होतं. मीच सांगितलं होतं.

आमचं गाव कामरगावपासून जवळच. पावसाळ्याचे तीन महिने बाया दुपारी बुद्धविहारात जमतात आणि ग्रंथ वाचला जातो. मी चौथी शिकलेली. वाचता येतं, पण ओळ संपेपर्यंत पहिला शब्द विसरते, म्हणून ऐकते. वाचणारी बाई ओळीवर बोट ठेवून वाचते. कोणी बोललं, हसलं, की ती थांबते. "झालं काय तुमचं?" म्हणते आणि मागची ओळ पुन्हा वाचते. आमचं जे काही शिक्षण झालं ते असं झालं.

यंदा एका दुपारी वाचन संपल्यावर माझ्या नातीने फोन खिडकीत टेकवला. ती वाशीमला शिकते. म्हणाली, "आजी, हा व्हिडिओ पॉडकास्ट हाय. दोघं जण बोलतेत, आपण आयकायचं. शिकाले लय चांगला राह्यते."

एक पोरगा प्रश्न विचारत होता, समोर शेळ्या पाळणारा साहेब, दोघांच्या तोंडापुढे माईक. साहेब चांगलं बोलत होता, खोटं कशाला सांगू. लस कधी टोचायची, जंत कसे ओळखायचे, पिल्लाला चीक किती लवकर पाजायचा. जन्मभर शेळ्या राखून मला जे माहीत नव्हतं ते त्या दुपारी कळलं.

मग तो भरड्यावर आला. मक्याचा भरडा, शेळीमागे अर्धा किलो, अंगावर मांस चढतं. माझी नजर त्याच्या शर्टावर. पांढरा, कडक इस्त्रीचा.

"याच्या शेळ्या लेंड्या टाकत नसतीन काय वं? शर्टाले एक डाग नाही."

बाया खदखदल्या. एक म्हणाली, "लेंड्या त्याची बायको उचलत असन." मग तर हसू थांबेना. सगळं हसून झालं तेव्हा साहेब गोठ्याच्या उंचीवर बोलत होता. मधलं काही गेलं असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. वाचणारी थांबते, हीच सवय.

जाऊ विधवा. शेत नाही. सहा शेळ्यांवर तिचं घर चालायचं.

"घालू काय बाई भरडा?" तिने विचारलं.

"घाल. येवढा शिकेल माणूस सांगून राह्यला ना."

आमच्या शेळ्या बांधावरचं गवत आणि बाभळीच्या शेंगा खाणाऱ्या. तिने गिरणीतून मका भरडून आणला आणि पहिल्याच संध्याकाळी सहा जणींचा तीन किलो भरडा एका घमेल्यात ओतला.

जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. "एकदम देल्ला काय मावशी? हळूहळू वाढवा लागते. कोणी सांगतलं नाही?"

घरी येऊन नातीला तोच व्हिडिओ लावायला सांगितला. अर्धा किलो म्हटल्यावर लगेच साहेब म्हणतो, पहिल्या दिवशी मूठभरच द्या, पंधरा दिवसांत वाढवत न्या, नाहीतर शेळी मरेल. अगदी स्वच्छ आवाजात. मागून आमचं हसणं नव्हतं, म्हणून ऐकू आलं.

"मांगं नेता येते आजी व्हिडिओ," नात म्हणाली. त्या दुपारी तीही हसत होती.

मी परत जावेकडे गेले. लपवून ठेवता आलं असतं.

"त्यानं सांगतलं होतं," मी म्हणाले. "माह्या हासण्यात गेलं."

ती फावड्याने खड्ड्यावर माती लोटत होती. थांबली नाही. "तुमची जीभ लय चालते, बाई. साऱ्या गावाले हासवते. आता या माह्या गोठ्यात येऊन हासा."

 

सहांतली एक जगली. ती लंगडी होती. ती घमेल्यापर्यंत पोचली तोवर बाकीच्यांनी ते चाटून पुसून ठेवलं होतं.