कोटाच्या खिशातली किल्ली

मुलांनो, रविवारी फोनवर तुमच्यापैकी एकाने मोठ्या आनंदाने सांगितलं, की तिकडच्या चर्चच्या कमिटीत त्याला घेतलं आहे. कारण काय, तर तो समजूतदार आहे. मी अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर मात्र मला स्वस्थ बसवेना. चर्चच्या कमिट्यांमधले समजूतदार लोक मी जन्मभर पाहिले आहेत. पहिल्या मीटिंगला जाण्याआधी त्यातल्या एकाची हकीकत त्याच्या आणि तुम्हा सगळ्यांच्या कानावर घालावी, म्हणून आज लिहायला बसले.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सोलापुरात चर्चच्या कंपाउंडमध्ये राहत होतो. तुमचे आजोबा कचेरीत आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला. नळ कोरडे पडले होते. सात रस्त्याजवळ टँकर येई, तिथे भांडी एकमेकांवर आपटत. आमच्या कंपाउंडात मात्र जुनी विहीर होती आणि तिला पाणी होतं. भिंतीपलीकडे विणकरांची गल्ली. तिथल्या तेलुगू बायका आमच्या फाटकातून येत आणि घागरी भरून नेत. वर्षानुवर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दुष्काळ पडला आणि आमच्या सेक्रेटरीसाहेबांना वावगं वाटलं. एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. उन्हाळ्यातही कोट घालत, म्हणजे लोकांना हुद्द्याचा विसर पडू नये. त्यांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, जाळीला कुलूप लावलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. कंपाउंडातल्या घरांसाठी सकाळी थोडा वेळ कुलूप उघडायचं, बाहेरच्यांसाठी नाही.

मी विचारलं, तर म्हणाले, "बाई, सगळ्यांना दिलं तर मेपर्यंत विहीर आटेल. धिस इज अ मॅटर ऑफ प्रूडन्स. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला समजायला हवं."

प्रूडन्स, म्हणजे दूरदृष्टीचं शहाणपण, हा शब्द मी शाळेत मुलींना शिकवत असे. त्याचा अर्थ कुलूप, असं मी कधी सांगितलं नव्हतं.

विणकरांच्या गल्लीतली एक बाई तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती. तिची सासू रोज फाटकाशी येऊन उभी राही. "अक्का, एक घागर तर द्या की ओ. बाळंतीण हाय घरात. लेकराचं धुवायला बी पानी न्हाय." आम्ही आमच्या वाट्यातलं तांब्याभर देत असू, पण त्याने काय होणार? शेवटी ती सेक्रेटरीसाहेबांसमोरच जाऊन उभी राहिली. साहेबांनी तिच्याकडे अत्यंत कनवाळू नजरेने पाहिलं आणि म्हणाले, "आम्ही यावर प्रार्थना करू."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. नाही म्हणायला माणसाला थोडी तरी लाज वाटते. "प्रार्थना करू" म्हटलं की तीही वाटत नाही. नकार द्यायचा आपण आणि सही देवाची घ्यायची, असली ती हुशारी. कमिटीतले बाकीचे माना डोलवत होते. एकाने तर साहेबांच्या सबुरीचं कौतुक केलं.

आणि खरंच प्रार्थना ठेवली! बुधवारी संध्याकाळी पावसासाठी खास प्रार्थनासभा. चर्चच्या खिडकीतून ती कुलूपबंद विहीर दिसत होती आणि आम्ही डोळे मिटून देवाकडे पाणी मागत होतो. साहेबांनी सर्वांत लांब प्रार्थना केली. बायबलात दुष्काळात पाऊस मागणाऱ्या एलियापासून सुरुवात करून त्यांनी देवाला पर्जन्यमानाची इत्थंभूत माहिती दिली. अहवाल संपल्यावर शेवटची प्रार्थना आपल्या पत्नीने, पाळकीणबाईंनी करावी, असं चर्चच्या पाळकसाहेबांनी सुचवलं.

पाळकीणबाई मंद्रूपकडच्या. कमी शिकलेल्या. त्यांच्या बोलण्याला कंपाउंडातल्या बायका पदराआड हसत. त्या उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या,

"देवा, आमी पानी मागतोय. पानी हितं हिरीत हाय. किल्ली सेक्रेटरीसायबांच्या कोटाच्या खिशात हाय. ती भाईर येऊ दे. आमेन."

आणि सगळ्या मंडळीने, सवयीने, एका सुरात म्हटलं, "आमेन."

साहेबांनीही म्हटलं. सर्वांत खणखणीत त्यांचंच होतं. मग त्यांचे डोळे उघडले आणि त्यांना कळलं की आपण कशाला आमेन म्हटलं आहे. मागच्या बाकावरून तुमचे आजोबा हळूच म्हणाले, "प्रार्थना ऐकली गेली, साहेब. काढा आता." कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी खिशात हात घातला आणि किल्ली अशी काढली, जणू तिच्यासाठीच ते सभेला आले होते.

त्या संध्याकाळी बाळंतिणीच्या सासूने भरून नेलेली घागर मी पाहिली. गल्लीत ती हाका मारत गेली आणि मागोमाग बायका आल्या.

आता पुढचं ऐका, कारण इथे धर्मोपदेशक गोष्ट संपवतात. विहिरीला पाणी वाढलं नाही. मे महिन्यात तळाचा चिखल वर येऊ लागला. साहेब प्रत्येकाला गाठून सांगत होते, "मी म्हटलं नव्हतं?" म्हटलं होतं. त्यांचा अंदाज बरोबर होता. असल्या लोकांचे अंदाज बहुधा बरोबरच असतात. ते आधी स्वतःचं काय होईल एवढं पाहतात आणि तेवढं त्यांना स्पष्ट दिसतं. बाळंतीण त्यांच्या नजरेत येतच नाही.

चिखल लागल्यावर आम्हीही हंडे घेऊन टँकरला गेलो. तिथे ती सासू रांगेत पुढे होती. मला पाहून ओरडली, "अक्का, हितं या की, माझ्यापुढं!" मागच्यांनी कुरकुर केली, तर तिने तेलुगूत त्यांना असं काही सुनावलं की मी अर्थ विचारला नाही.

वार्षिक सभेत सेक्रेटरीसाहेबांनी वाचून दाखवलं, की ईश्वरी प्रेरणेने कमिटीने विहीर सर्वांसाठी खुली केली. त्यांना हार घातला गेला. पाळकीणबाई तेव्हा बाहेर चहाचे कप विसळत होत्या.

तुमच्या त्या मीटिंगमध्ये कुणी मऊ आवाजात "यावर आपण प्रार्थना करू" म्हटलं, तर आधी त्याच्या खिशाकडे पाहा.

विहीर अजून आहे. मुलं पडू नयेत म्हणून जाळीही आहे. तिला कुलूप नाही.