रेंगी, सायकल आणि एसटी

सुखदेव गणवीर जगातला प्रत्येक वेग तीन वाहनांत मोजत: रेंगी, सायकल आणि एसटी. रेंगी म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडची हलकी बैलगाडी. त्यांच्या मते गावचा पोस्टमन सायकलवर बसूनही रेंगीतच होता, शाळेचे हेडमास्तर बोलायला सायकल आणि विसरायला एसटी होते, आणि स्वतःच्या बायकोची जीभ तर एसटीच, "थे बी थांब्यावर न थांबनारी." यावर काकू चुलीपुढूनच म्हणत, "मी थांबली असती तं तुमचा डबा कोन भरते?"

गणवीरकाका नाकाडोंगरीजवळच्या खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. खाणीत पूर्वी एक फोरमन होता. तो गाव सोडून गेला तेव्हा आपली गिटार काकांकडे ठेवून गेला. काका ती स्वतःच शिकले. डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाचं वरचं पेर कधीतरी यंत्रात गेलं होतं, त्यामुळे ते उरलेल्या तीन बोटांवर वाजवत. याबद्दल कुणी हळहळलं की म्हणत, "तीनच बोटं आहेत म्हनून कोनतं वाजवाचं थे लवकर समजते. चार असते तं मी बी तुह्यासारखा भटकलो असतो."

हे 'तुह्यासारखा' मला उद्देशून असे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मोहाडीचा, जंगलखात्याच्या लाकूड डेपोत बाबू म्हणून नाकाडोंगरीला रुजू झालेला, आणि नागपूरहून एक गिटार घेऊन आलेला. ती मी का घेतली याचं खरं उत्तर असं, की दुकानाच्या आरशात ती गळ्यात अडकवून मी स्वतःला पाहिलं होतं. पुढचा विचार त्या आरशात दिसला नाही.

विचार मामाजींनी केला. माझ्या लग्नाचं ते बघत होते. साकोलीच्या एका घरी स्थळ सांगताना माझ्यात सांगण्यासारखं काही सापडेना, तेव्हा त्यांनी ठोकून दिलं, "पोरगा गिटार वाजवते." मुलीचे वडील मास्तर होते. त्यांना पुरावा हवा होता. ते म्हणाले, "मंग दिवाळीनंतरच्या मंडईले येतो. आयकून घेऊ."

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा. दुकानं, पाळणे, दुपारपासून दंडारीचा नाच, पाव्हण्यांनी भरलेली घरं. मंडईला अडीच महिने होते. मला गिटारीचं फक्त कव्हर नीट काढता येत होतं. गिटार पोत्यात गुंडाळून मी गणवीरकाकांचं घर गाठलं.

"काय वाजवाचं आहे?" त्यांनी विचारलं.

मी खिशातून यादी काढली. रेडिओवर ऐकलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या मधले गिटारचे पाच तुकडे, एकाहून एक पळणारे. काकांनी यादी वाचली, घडी घालून माझ्याच खिशात ठेवली आणि म्हणाले, "चाल, तलावावर."

त्यांची पद्धत ही अशी. गावच्या तलावाची पाळ लांबलचक होती. मध्यावर मोहाचं झाड आणि पार टोकाला पाणी सोडायचं दार, ज्याला आम्ही तुडूम म्हणतो. जो तुकडा शिकायचा तो शिट्टीवर वाजवत पाळेवरून तुडुमापर्यंत न चुकता जायचं. जमलं तर तो तुकडा आपला. मग गिटारीवर आधी रेंगीच्या चालीनं, मग सायकलच्या, आणि सगळ्यात शेवटी एसटीच्या. एक वेग पक्का झाल्याशिवाय दुसऱ्यात बसायचं नाही.

माझा पहिला तुकडा पंधरा पावलांत पाण्यात पडला. दुसरा, तिसरा आणि चौथाही. पाचवा मोहापर्यंत आला, पण तोवर त्याचा चौथा झाला होता.

"तोंडानं येत नाही थे बोटानं कायले येईन?" काका म्हणाले. मग त्यांनी स्वतः एक तुकडा शिट्टीवर वाजवला. जुन्या सिनेमातला, दोन कडव्यांच्या मधला. मोजून सोळा सूर.

"एवढासाच?" मी म्हणालो.

"एवढासाच. याच्यात एकच नवीन अडचन आहे, नवव्या सुरावर तार बदलते. एका टायमाले एकच अडचन घेजो, बाबू. दोन घेतल्या तं कोनती सुटली नाही हेच समजत नाही."

मला तो तुकडा अंगणवाडीतला वाटला. तरी शिट्टी वाजवत तुडूम गाठलं. मग रेंगी सुरू झाली. रेंगी ही नुसती म्हणायची गोष्ट आहे असं मला वाटलं होतं. काकांनी मला खरोखर त्यांच्या मेहुण्याच्या रेंगीत बसवलं. पुढे बैल, मागे चाऱ्याचे भारे, मध्ये मी. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवर सोळा सूर बसवायचे. काका चाकाच्या बाजूनं चालत. मी जरा वेग धरला की ते वर न बघता म्हणत, "बाबू, बैल मागं राह्यले." धानाच्या बांध्यांत वाकलेल्या बाया सरळ होऊन आमच्याकडे बघत. एकीनं विचारलं, "काहून जी, बाबू बिमार आहे का? गाडीत कायले नेऊन राह्यले?"

तीन आठवडे रेंगी चालली. बोटांच्या टोकांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. मग सायकल. काका सायकल चालवत आणि मी मागे कॅरिअरवर गिटार घेऊन बसे. दोनदा पडलो, गिटार एकदाच. सायकल पक्की व्हायला दिवाळी आली.

आता माझा गुन्हा सांगतो. हे सगळं चालू असताना मी डेपोतल्या खोलीचं दार लावून त्या यादीतला सर्वांत अवघड तुकडा वाजवून बघत होतो, थेट एसटीच्या वेगानं. डेपोच्या चौकीदारानं एकदा दार वाजवून विचारलंही, "साहेब, पेटीत उंदीर फसला का?" पण माझ्या डोळ्यांपुढे साकोलीचे मास्तर होते. मुलगी पदवीधर होती. तिच्यापुढे सोळा सूर वाजवायचे? तेही रेंगीतून?

मंडईच्या दुपारी दंडार सुरू होण्याआधी मला फळ्यांच्या मंचावर बसवलं. कोपऱ्यात गणवीरकाका आपली गिटार घेऊन, साथीला. समोर पहिल्या ओळीत मास्तर, त्यांचा मुलगा, आणि आत्याच्या आडून मला बघणारी त्यांची मुलगी कुसुम. मामाजींनी लोकांना सांगितलं की मुलगा नागपूरला शिकला आहे. तो शब्द मी खोडून काढला नाही.

आणि मी एसटी सोडली.

पहिल्या चार ओळी कशा गेल्या ते मला आठवत नाही, कारण मी तिथे नव्हतोच, बोटंच पुढे धावत होती. पाचव्या ओळीला ती एकमेकांत अडकली. मी थांबलो. पुन्हा सुरू केलं. तिथंच अडकलो. जिलबीवाल्याच्या कढईचा आवाज मंचापर्यंत येत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "तार तुटली वाटते." मला तो माणूस देवासारखा वाटला. मी खरंच तारेकडे बोट दाखवायला हात उचलला होता.

तेव्हा कोपऱ्यातून शिट्टी आली. सोळा सूर, रेंगीच्या चालीनं. काका माझ्याकडे बघतही नव्हते, समोरच्या पाळण्याकडे बघत होते. दुसऱ्यांदा शिट्टी आली तेव्हा माझी बोटं तिच्यामागे चालू लागली. नववा सूर आला, तार बदलली. मंडईत कुणीतरी मान डोलवायला लागलं. मग सायकल. ती झाली, टाळ्या पडल्या, आणि मला पुन्हा जोर चढला. एसटीसाठी मी हात उचलला, तेवढ्यात काकांचा तीन बोटांचा पंजा येऊन माझ्या तारांवर बसला.

"उतर," ते हळूच म्हणाले. "तुहा थांबा आला."

खाली उतरल्यावर ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "लोकाईले अवघड आयकाचं नसते, बाबू. लोकाईले तू सापडला पाह्यजे. थ्या पयल्यात तू होता कुठी?" आणि मला परत रेंगीत बसवलं.

लग्न जमलं. कसं जमलं ते कुसुमनं पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. मास्तरांना पहिला तुकडा आवडला होता, कारण तो त्यांना कळला नव्हता. नकार देणार होती ती कुसुम. "पयल्यात तुमी पळून राह्यले होते," ती म्हणाली. "दुसऱ्यात तुमाले आमी दिसलो."

माझी बदली साकोलीला झाली. काकांकडे येणं-जाणं चालू राहिलं. सात-आठ वर्षांत मी नऊ तुकडे शिकलो, प्रत्येकात एकच नवी अडचण. यादीतला तो मंडईवाला तुकडा नववा. तो तुडुमापर्यंत पोचला त्या दिवशी काकांनी फक्त पानाची पेटी माझ्यापुढे सरकवली.

ऐंशीचं दशक अर्धं उलटल्यावर काकूंची चिठ्ठी आली. काकांना लकवा मारला होता. मी गेलो. डावा हात मांडीवर नेऊन ठेवल्यासारखा पडला होता, ओठाची डावी बाजू खाली ओघळली होती. बोलणं मात्र कळत होतं. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तर तेच म्हणाले, "बाबू, मले तुकडा दे."

"कोणता, काकाजी?"

"मास्तर तू आहेस. नवा गडी आहो मी. एक बी बोट नाही आता. पाह्य, काय झेपते."

मी सोळा सुरांचा तो पहिला तुकडा दिला. ते तिरपं हसले. "अंगनवाडीतला?" म्हणाले. मनातल्या मनात केलेला तो अपमान त्यांना तेव्हाच कळला होता तर.

एक रविवार सोडून एक मी साकोलीहून येऊ लागलो. काठी, काकू आणि मी, असे आम्ही त्यांना पाळेवर नेत असू. ओठ जुळत नव्हते, शिट्टीऐवजी नुसती हवा निघे. पहिल्या रविवारी दोन सूर आणि दहा पावलं. मी म्हटलं, नुसतं गुणगुणा. त्यांनी मान हलवली. पद्धत म्हणजे पद्धत. थंडीत पाच सूर झाले. मध्येच दम लागला की म्हणत, "रेंगी बी नाही हे. बैल सोडलेली गाडी आहे." पण दर वेळी, कुठे थांबलो तिथे काठीनं मातीत रेघ ओढायला लावत, पुढच्या खेपेला तिथून पुढे जायचं म्हणून.

मोहाला फुलं आली तेव्हा आम्ही मोहापाशी पोचलो. त्या दिवशी आठ सूर निघाले, हवाच जास्त, पण सूर. नवव्यावर तार बदलते. काकांनी झाडाला हात लावला, तुडुमाकडे बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या खेपेले."

पुढची खेप आली ती त्यांच्या अंत्ययात्रेची. बुद्धवंदना झाली, माती दिली, माणसं परतली. मी तलावाकडे वळलो. मोहाखाली मातीत रेघ अजून होती. तिच्यावर उभा राहून मी नवव्या सुरापासून शिट्टी सुरू केली आणि तुडुमाकडे चालू लागलो. मला ते लवकर संपवायचं होतं. पावलं आपोआप भराभर उचलली जाऊ लागली.

काकू केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. आयुष्यभर एसटी असलेला तो आवाज इतका सावकाश मी पहिल्यांदाच ऐकला.

"बाबू," त्या म्हणाल्या, "बैल मागं राह्यले."

मी थांबलो, रेघेपाशी परत आलो, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.